पान एकतीसची तळटीप

टिलबर्ग, ३ मार्च

प्रणव,

तीन वर्षांनी तुझी मेल आली. त्यात "कशी आहेस" नाही, "चैत्राली कितवीत गेली" नाही. बासष्ट पानांचा कोर्टाचा निकाल जोडलेला आणि खाली दोन ओळी. "ताई, हे तुझ्या कामातलं आहे. नियम होता तो गेला कसा, मला समजावून सांग." मी ती मेल आल्बर्ट हाइन सुपरमार्केटमध्ये दुधाच्या फ्रीजसमोर उभी राहून वाचली. मग दूध घेतलं आणि घरी आले.

तक्रार करत नाही. बाबांच्या वेळी मी जे केलं, त्यानंतर तू माझी खुशाली विचारावीस असा माझा काही हक्क नाही. बाबा पुण्यात आयसीयूत होते आणि मी त्यांच्या उशाशी बसून तुला रोज "काळजीचं कारण नाही" असं कळवत होते. कारण तू निघाला असतास तर परतीच्या अमेरिकन व्हिसाच्या स्टॅम्पिंगसाठी महिनोन् महिने भारतात अडकला असतास आणि नोकरी गेली असती. माझं चुकलं असं मला तेव्हा वाटलं नाही. बाबा गेल्यावर तू फोनवर एवढंच म्हणालास, "मला काय कळावं हे तू ठरवतेस." आणि फोन ठेवलास.

गुंजन तुझी बायको, आपल्या घरची सून, आणि तिचं मला गेल्या जुलैत आईकडून कळलं, तेही तुकड्यातुकड्यांनी. गोदामात काम करताना चक्कर आली, उष्माघात झाला, अकरा दिवस शुद्ध नव्हती. आता भिंत धरून चालते, बोलायला वेळ लागतो. आई फोनवर रडत होती. मी एका हाताने केराची पिशवी बांधत होते, ती बांधून झाली तरी आई रडतच होती. मी तुला फोन करायला हवा होता. केला नाही.

आता तुझा प्रश्न. तुमच्या राज्याच्या कामगार खात्याने २०२४ च्या वसंतात नियम केला, की गोदामातलं तापमान नव्वद अंश फॅरनहाइटच्या वर गेलं की दर दोन तासांनी दहा मिनिटं गार जागी विश्रांती द्यायची, पगार न कापता. गोदाम मालकांच्या संघटनेने त्यावर खटला भरला. खात्याला एवढा अधिकार विधिमंडळाने दिलेलाच नाही, हा त्यांचा एक मुद्दा. असा नियम लागतो याला पुरावा नाही, हा दुसरा. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने गेल्या मे महिन्यात दोन्ही मुद्दे मान्य केले. चार विरुद्ध तीन. नियम त्या दिवशी गेला.

एवढंच आहे. बाकी पानं म्हणजे जुन्या निकालांचे दाखले.

वृंदा


टिलबर्ग, १५ मार्च

प्रणव,

तू लिहिलंस, गुंजन दोन पन्नासला पडली. नियम असता तर दोनला दहा मिनिटं बसली असती. आत एकशे चार होतं. आपण तापाला एकशे चार म्हणतो तेवढं. मी ते वाक्य वाचलं आणि मेल बंद केली, मग पुन्हा उघडली. आकडे तेच होते.

आणि तू विचारतोस, "म्हणजे जज विकत घेतला का?"

नाही. इतकं सोपं असतं तर मलाही बरं वाटलं असतं. इथे बसून मी तुझ्या देशाचा कारभार तुला शिकवायचा म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणंच आहे, पण विचारलंस म्हणून सांगते. तुमच्या राज्यात वरच्या कोर्टाचे न्यायाधीश निवडून येतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये एक जागा बदलली. त्याआधीचे चार-तीन उलट्या बाजूला होते. संघटनेने निवडून आलेल्या माणसाच्या हातात काही ठेवलं नाही. थेट देणगीला मर्यादा असते. त्यांनी एका वेगळ्या समितीला पैसे दिले आणि समितीने टीव्हीवर जाहिराती केल्या. त्या जाहिराती मी पाहिल्यात. त्यांत गोदाम नाही, ऊन नाही. दुसरा उमेदवार गुन्हेगारांना मोकळं सोडतो, एवढंच पुन्हा पुन्हा.

समितीने उमेदवाराशी ठरवून काही करायचं नाही, एवढीच अट. ती पाळली की खर्चाला वरची मर्यादा नाही. २०१० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं, की असा स्वतंत्र खर्च म्हणजे बोलणंच आहे आणि कंपनी झाली तरी तिच्या राजकीय बोलण्याला अशी बंदी घालता येत नाही. त्या निकालात लाच नाही आणि गुन्हाही नाही. शिकवताना मी हा निकाल फळ्यावर लिहायचे आणि पोरं वहीत उतरवून घ्यायची.

आपल्या सोसायटीची निवडणूक आठवते? बिल्डरने कुणाला एक पैसा दिला नव्हता. गणपतीत सगळ्यांना जेवण घातलं आणि त्याचा मेहुणा दामोदर पंगतीतून वाढप्यासारखा फिरत जुन्या सेक्रेटरीबद्दल बोलत राहिला. कुणीच विकलं गेलं नाही. बाबांनी दोनदा श्रीखंड घेतलं. गच्ची मात्र बिल्डरकडे गेली.

गुंजनची फिजिओथेरपी चालू आहे का? आईला विचारलं तर ती "देवाची कृपा" म्हणते, त्यातून मला काही कळत नाही.

वृंदा


टिलबर्ग, २ एप्रिल

प्रणव,

'कोर्टाचे मित्र' म्हणजे काय, असं तू विचारलंस. खटल्यात जे पक्षकार नाहीत पण ज्यांना आपलं म्हणणं मांडायचं आहे, ते कोर्टाला निवेदन देतात. त्यांना तिकडे कोर्टाचे मित्र म्हणतात. नाव गोड आहे. एका मोठ्या खटल्यात असे वीस-तीस मित्र जमतात. व्यापारी संघटना, कामगार संघटना, चर्च, प्राध्यापक. यातले बरेच एकाच खिशातून बोलत असतात, पण लेटरहेड वेगवेगळं असतं. न्यायाधीशांचे कारकून ती निवेदनं वाचतात आणि त्यांतला अभ्यास, आकडा, वाक्य उचलून निकालात घालतात. ते निवेदनात कुठून आलं, हे कुणी फारसं तपासत नाही.

गेल्या वेळी माझं एक सांगायचं राहिलं. २०२४ मध्ये अमेरिकेच्या त्याच सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक निकाल दिला. कायद्याचा अर्थ धूसर असला तर संघीय खात्यातल्या जाणकारांचं ऐकायचं, अशी चाळीस वर्षांची रीत होती, ती त्याने मोडली. अर्थ आता न्यायाधीशच लावणार. तो निकाल संघीय खात्यांपुरता आहे, पण तुमच्या राज्याच्या कोर्टाने त्याच सुरात सूर मिसळला. आधी जाणकारांना बाजूला काढलं, आणि पुरावा लागला तेव्हा मित्रांच्या निवेदनात हात घातला.

पान एकतीसच्या तळटिपेबद्दल तू विचारलंस. "नेदरलँड्समधल्या गोदामांत सक्तीच्या तापमान-नियमाशिवायही उष्णतेचे आजार वाढलेले आढळत नाहीत," असं तिथे म्हटलंय आणि खाली टिलबर्गच्या एका अभ्यास केंद्राचं नाव आहे. लेखकांत एकच डच आडनाव आणि पुढे "व इतर". तू विचारलंस, "हे टिलबर्ग म्हणजे तुझंच ना?"

टिलबर्ग म्हणजे गोदामांचं गाव. इथे त्या विषयावर बरेच जण काम करतात. तळटिपांना तसंही फार महत्त्व देऊ नये, निकाल मुख्य मजकुरावर उभा असतो.

चैत्राली आता सायकलवरून एकटी शाळेत जाते. मी मराठीत विचारते आणि ती डचमध्ये उत्तर देते. तिला तुझी आठवण आहे.

वृंदा


टिलबर्ग, २८ एप्रिल

प्रणव,

तुझी मेल येऊन तीन आठवडे झाले. तू फक्त "बरं" लिहिलंस. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालंय. त्या एका शब्दाकडे मी रोज बघते.

काल इथे राजाचा वाढदिवस होता. गल्लीभर नारिंगी कपडे घातलेली माणसं जुनं सामान विकत बसली होती. चैत्रालीने तिची लहानपणची पुस्तकं मांडली. मी शेजारी खुर्ची टाकून बसले होते आणि ठरवलं की आज लिहायचं. तेही काल जमलं नाही, आज लिहिते आहे.

ते "व इतर" मी आहे.

केंद्र माझंच आहे. अभ्यास २०२३ चा. टिलबर्गच्या नऊ गोदामांत दोन उन्हाळे मी स्वतः फिरले. आजार वाढले नाहीत हे खरं आहे. का वाढले नाहीत हेही मला माहीत होतं. इथे ऊन चढलं की कामाची पाळी पहाटे सुरू करून दुपारी संपवतात, त्याला ट्रोपनरोस्टर म्हणतात. त्या नऊ गोदामांत तसा करारच होता, कामगार संघटनेने भांडून घेतलेला. आणि आतलं तापमान एकोणतीस सेल्सियसच्या, म्हणजे तुमच्या चौऱ्याऐंशीच्या, वर गेलंच नाही. म्हणून मी एक वाक्य लिहिलं होतं: "जिथे असा करार नाही किंवा तापमान याहून जास्त असतं, तिथे हा निष्कर्ष लावता येणार नाही."

अभ्यासाला पैसे वॉशिंग्टनच्या एका प्रतिष्ठानाचे होते. त्यांच्या मागे कोण आहे हे त्यांच्या संकेतस्थळावर तीन क्लिकमध्ये कळतं. मी त्या तीनही केल्या होत्या. त्यांनी दबाव आणला नाही. मसुदा वाचून सभ्यपणे विचारलं, हे वाक्य इथेच हवं का? आमची संचालक मार्लूस मला म्हणाली, "वृंदा, इट्स ट्रू, ऑफ कोर्स इट्स ट्रू. पण अपेंडिक्समध्ये टाकूया ना." माझा तात्पुरता करार दोन महिन्यांत संपत होता. कायमच्या कराराचा कागद तिच्या टेबलावर होता, आणि घराच्या कर्जासाठी बँकेला तो हवा होता. वाक्य मी स्वतः काढलं. एका बुधवारी, जेवणानंतर. परिशिष्ट छापील संक्षेपात आलंच नाही, आणि अमेरिकेत गेला तो संक्षेप.

तुमचा निकाल लागला तेव्हा आमच्याकडे केक कापला. अमेरिकेच्या कोर्टाने आमचा अभ्यास वाचला म्हणून. मी दोन तुकडे खाल्ले. आणि मग जे आपली माणसं करतात तेच केलं. घरच्या ग्रुपवर फोटो टाकला: "आमचं संशोधन यूएसच्या कोर्टाने सायटेशनमध्ये घेतलं!" मामांनी अंगठा टाकला, आईने नमस्कार. तू तर ग्रुप सोडलेलाच होतास. गुंजन होती. तिने टाळ्या टाकल्या आणि लिहिलं, "अभिनंदन वृंदाताई! अभिमान वाटतो."

राज्य तेच आहे हे मला तेव्हा माहीत होतं. माहीत होतं, प्रणव. गुंजन "लॉजिस्टिक्समध्ये" आहे असं तुम्ही सगळ्यांना सांगायचात. आहारतज्ज्ञ मुलगी खोकी उचलते हे पुण्यात कुणाला कळायला नको होतं. मला वाटलं ती ऑफिसात बसत असेल. विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं.

जुलैत बातमी आली तेव्हा मी तो संदेश पुसायला गेले. सगळ्यांच्या फोनमधून पुसायची मुदत केव्हाच टळली होती. माझ्या फोनमधून पुसला. मग मूग गिळून बसले, आणि या वर्षी तू विचारलंस तेव्हा तुला दोन हजार दहाचा निकाल समजावत बसले. जे जे लिहिलं ते खरं होतं. त्याच्या आड मी लपले होते.

मला शरम वाटते. ती सुद्धा लांबून वाटते, शेजारच्या घरातल्या आवाजासारखी. तू ओरडलास तर बरं होईल.

वृंदा


टिलबर्ग, १० मे

प्रणव,

तू ओरडला नाहीस. तू लिहिलंस, "फेब्रुवारीत गुंजनच्या फोनमधला ग्रुप चाळत होतो. तेव्हाच कळलं. मला बघायचं होतं तू सांगतेस का. चार पत्रं लागली तुला."

म्हणजे फेब्रुवारीपासून तुला सगळं माहीत होतं आणि मी तुला तळटिपांना महत्त्व देऊ नको म्हणून शहाणपण शिकवत होते. ठीक आहे. आपलेच दात, आपलेच ओठ, पण चावा मी घेतला आहे, हे मी विसरत नाही.

तू पुढे लिहिलंस की मला सॉरी नको. खातं नियम पुन्हा करतंय, आधीपेक्षा छोटा, आणि २२ मेपर्यंत जगातला कुणीही त्यावर लेखी म्हणणं मांडू शकतो. खात्याला ते नोंदीवर घ्यावंच लागतं. "तुझं वाक्य तिथे लिही. नावासकट." हे मला सुचायला हवं होतं. नियमावरच्या हरकती-सूचना हा मी वर्गात शिकवलेला धडा आहे. संघटनेचे वकील तिथे शेकड्यांनी अर्ज टाकतात. ज्याची पाठ पोळली तो माणूस सहसा टाकत नाही, कारण त्याला ठाऊकच नसतं.

मी लिहिलं आहे. साडेतीन पानं. अभ्यास कुणाच्या पैशांवर झाला, वाक्य काय होतं, कुणी विचारलं आणि कुणी काढलं. मार्लूसला आधी दाखवलं. तिने सगळं वाचलं आणि म्हणाली, "यू नो आय कान्ट स्टँड नेक्स्ट टू यू ऑन धिस." उद्यापासून मी ऑफिसात येऊ नये असं ठरलं आहे. तुझ्या भावोजींना, नीळकंठला सांगितलं. तो भाजी चिरत होता. म्हणाला, "कर तू. घराचं बघू नंतर." मग जरा वेळाने म्हणाला, "मला तेव्हाच का नाही सांगितलंस?"

याने फार काही होईल अशी आशा धरू नकोस. जुना निकाल एका तळटिपेवर उभा नव्हता. अधिकाराचा मुद्दा आहेच, ते चार न्यायाधीश आहेतच, आणि पुढच्या निवडणुकीत पुन्हा जाहिराती येतील. नवा नियम झाला तर त्यावरही खटला होईल. फक्त पुढच्या वेळी ते आमचा अभ्यास दाखवतील तेव्हा शेजारी माझा कागद असेल.

एक गोष्ट अडली आहे. अर्जात रकाना आहे: "आपण कोणाच्या वतीने लिहीत आहात?" संघटना तिथे संघटनेचं नाव टाकते. मी गुंजनचं नाव टाकलं. वाचून बरं वाटलं, शेवट गोड झाल्यासारखं. मग लक्षात आलं की मी पुन्हा तेच करते आहे. बाबांच्या वेळी तुझ्या वतीने मी ठरवलं, आता तिच्या वतीने. नाव खोडलं. रकाना रिकामा आहे.

तिला विचार. तिच्या नावाने लिहू का? ती नाही म्हणाली तर नाही. तिला माझं सगळं आधी वाचून दाखव, केक आणि ग्रुपसकट.

वृंदा


टिलबर्ग, २१ मे

प्रणव,

काल तू फोन लावलास आणि थेट गुंजनच्या हातात दिलास. स्क्रीनवर तुझं नाव बघून मी जिन्यातच बसले होते.

ती "वृंदाताई" म्हणाली तेच ओळखायला मला क्षण लागला. एकेक अक्षर उचलून ठेवत होती. मध्ये इतका वेळ जायचा की मला वाटायचं आता मीच वाक्य पुरं करावं, ती काय म्हणणार ते मला कळलंय. मी तोंडावर हात धरून बसले. आणि बरं झालं, कारण मला काही कळलेलं नव्हतं. मला वाटत होतं ती एकतर माफ करेल किंवा शिव्या देईल.

"माझं नाव... मी लिहीन. तुम्ही... तुमचं लिहा."

मग विचारलं, "तो निकाल... वाचून झाल्यावर... तुम्हाला राग आला होता का? जजांचा?" मी म्हटलं, नाही गुंजन, मला काहीच आलं नव्हतं. ती म्हणाली, "मला येतो." आणि फोन तुला दिला. तुझा श्वास ऐकू आला, मग कट झाला.

मला आत्ता, हे लिहिताना, तिची फार भीती वाटते आहे. तिची म्हणजे ती लिहील त्याची. त्यात मी असेन, असायलाच हवी.

माझा अर्ज आज सकाळी गेला. रकान्यात माझं पूर्ण नाव, माहेरच्या आडनावासकट. पोच मिनिटाभरात आली. गुंजनचा अर्ज त्याच पानावरून जातो, दुवा खाली देते आहे. तिला एका बोटाने टाइप करावं लागेल. चुका होतील, वाक्यं अर्धी राहतील, दुपारभर लागेल. तुला राहवणार नाही. तू सॉफ्टवेअरवाला, तुझी बोटं वळवळतील, "सांग, मी टाइप करतो" म्हणशील. म्हणू नकोस. चुकांसकट ते नोंदीवर जातं, मी नियम वाचला आहे.

मुदत उद्या संध्याकाळी पाचपर्यंत आहे, तुमच्या वेळेने. तिला चहा करून दे आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बस. तिला लिहू दे.

ताई